वजनाचा काटा किती वेळा पाहावा?

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या घरी वजनाचा काटा आला. सूनबाईंच्या रक्तातील साखर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी त्यांना पाच-सहा किलो वजन उतरविण्यास सांगितले होते. शुभस्य शीघ्रम् म्हणून आम्हीच बाड्यावर जाऊन काटा घेऊन आलो, तो माजघरात ठेवला, आणि शेजारच्या भिंतीवर तारीखवार आकडे लिहिण्यासाठी एक तक्ताही लावून दिला. तो तक्ता लावण्यात आमची चूक झाली, हे पुढे कळले.

आमच्या लहानपणी वजन करणे ही प्रवासातील करमणूक होती. मुंबईस जाताना फलाटावरील यंत्रात नाणे टाकावे, रंगीत दिवे लुकलुकावेत आणि खट्कन तिकीट बाहेर पडावे. त्याच्या एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य. वजन आम्ही गाडी सुटण्यापूर्वीच विसरत असू. भविष्य मात्र पाकिटात जपून ठेवीत असू.

काटा घरात आल्यावर ही रीत पालटली. सूनबाई आधी आठवड्यातून एकदा वजन करीत, मग रोज करू लागल्या, आणि श्रावण संपेतो सकाळी, दुपारी व निजण्यापूर्वी असा क्रम पडला. आकडा उतरला की घर प्रसन्न, चढला की स्वयंपाकघरात शांतता. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी त्या सर्वांबरोबर मोकळेपणाने जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याने चौदाशे ग्रॅम अधिक दाखविले. आम्ही तेथेच उभे होतो. “कालची पुरणपोळी अंगी लागलेली दिसते,” असे आम्ही विनोदाने बोलून गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी पाण्याखेरीज काहीच घेतले नव्हते, हे सायंकाळी विसर्जनाच्या गडबडीत त्यांना भोवळ येऊन त्या ओट्यापाशी खाली बसल्या तेव्हा आम्हांस समजले. “बाबा, पाच महिन्यांची मेहनत एका दिवसात गेली हो,” एवढेच त्या म्हणाल्या.

ती खरोखर गेली होती काय? त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेबास बसलो. शरीरात एक किलो चरबी साठण्यास गरजेपेक्षा सुमारे ७,७०० उष्मांक अधिक पोटात जावे लागतात. चौदाशे ग्रॅमसाठी हा आकडा पावणेअकरा हजारांच्या घरात जातो. तूप घातलेल्या एका पुरणपोळीचे साडेतीनशे उष्मांक धरले, तर रोजच्या आहाराशिवाय तीस पोळ्या खाव्या लागतील. सूनबाईंनी दोन खाल्ल्या होत्या.

मग ते वजन कशाचे? मुख्यतः पाण्याचे. गोडाधोडातील साखरेचा काही भाग शरीर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. कटाची आमटी, पापड, लोणचे यांतील मीठही पाणी अडविते. पोटातील अन्नाचे वजन असतेच. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वीही शरीरात पाणी साठते. दोन-तीन दिवसांत हे सारे ओसरते. उलट आमच्या ग्वाल्हेरच्या ज्येष्ठात, लू वाहत असताना, दुपारी फुलबागेपर्यंत पायी जाऊन यावे, तर घामाने वजन उतरलेले दिसेल. पण तांब्याभर पाणी प्यालो की ते परत आलेच.

पाण्याचा हा खेळ कुस्तीगिरांस चांगला ठाऊक असतो. ६ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या गटात बसल्या व त्या दिवशी त्यांनी तीन कुस्त्या जिंकल्या. मधल्या खाण्यापिण्याने सायंकाळी वजन सुमारे २.७ किलोने वाढलेले आढळले. रात्रभर व्यायाम झाला, घाम काढला, केसही कापले. तरी ७ तारखेस सकाळी १०० ग्रॅम अधिक भरले आणि अंतिम कुस्ती हातची गेली. त्या एका दिवसात त्यांची चरबी ना वाढली होती, ना घटली होती.

या विषयाचे आद्य अभ्यासक म्हणजे इटलीतील पदुआचे वैद्य सांतोरिओ. त्यांनी सुमारे तीस वर्षे तराजूस टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे, अन्नाचे व मलमूत्राचेही वजन केले आणि १६१४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण खातो-पितो त्याचा मोठा भाग डोळ्यांस न दिसता त्वचेवाटे व श्वासावाटे निघून जातो, हे त्यांनी दाखविले. दिवसाच्या चढउताराने ते घाबरले असते, तर पहिल्याच आठवड्यात खुर्चीवरून उठले असते.

तर मग काटा पाहूच नये काय? तसेही नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली आहे. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकविलेल्यांची नावे तीत घेतात. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. २००६ साली तेथेच, वजन उतरविलेल्या ३१४ जणांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांस रोज वजन करावयास, आणि ते ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास लगेच आहार-व्यायाम सुधारावयास शिकविले, त्यांपैकी प्रत्यक्ष बैठकींस येणाऱ्यांचे वजन दीड वर्षात इतरांपेक्षा कमी परतले. तेथे काट्यानंतर काय करावे हेही शिकविले होते, हे लक्षात घ्यावे. आणि ज्यांस आकडा पाहून जेवण टाकावेसे वाटते, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींस, त्यांस रोजचा काटा अपायकारक ठरू शकतो. त्यांनी तो दूर ठेवून डॉक्टरांशी बोलावे.

आमच्याच घरात याच्या अगदी उलट चूकही घडली. आमचे थोरले बंधू सत्त्याहत्तर वर्षांचे. त्यांचे हृदय दुर्बळ झालेले. त्यांस डॉक्टरांनी रोज वजन करण्यास बजावले होते. “या वयात बारीक होऊन कोणत्या लग्नास जायचे आहे?” असे म्हणून दादांनी ते उडवून लावले. कार्तिकात त्यांचे घोटे सुजले, आडवे पडताच धाप लागू लागली, आणि आठवडाभर रुग्णालयात काढावा लागला. शरीरात पाणी साठत होते. हृदय दुर्बळ असलेल्या माणसाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे, असा नियम आहे. जे पाणी सूनबाईंच्या बाबतीत दोन दिवसांत ओसरणारे होते, तेच दादांच्या बाबतीत जिवावर बेतत होते. काटा एकच, पण एकीने तो फार पाहिला, दुसऱ्याने पाहिलाच नाही.

आता आमच्या घरातील व्यवस्था अशी. भिंतीवरील तक्ता आम्ही स्वतः उतरविला आणि सूनबाईंची क्षमा मागितली. काटा पलंगाखाली गेला. दादा रोज सकाळी वजन करतात व त्यांची वही वेगळी आहे. सूनबाई दर बुधवारी करतात: सकाळी शौचास जाऊन आल्यावर, चहापूर्वी, सारख्याच वजनाच्या कपड्यांत. काटा सतरंजीवर न ठेवता उघड्या फरशीवर ठेवावा, अन्यथा आकडा चुकतो. एका बुधवारची तुलना मागच्या बुधवारशी न करता चार आठवड्यांच्या सरासरीची तुलना आधीच्या चार आठवड्यांशी करावी. ज्यांस रोज वजन करावयाचे असेल त्यांनी सात दिवसांची सरासरी काढावी. महिन्यातून एकदा फितीने पोटाचा घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर तो गेल्यास सावध व्हावे, असे मानतात. साखरेची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी, कारण वजन उतरवावयाचे ते त्यासाठीच.

वर्षभरात सूनबाईंचे वजन चार किलोंनी उतरले आणि साखरही काठावरून मागे आली. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणास त्या पुन्हा सर्वांबरोबर बसल्या. दोन पुरणपोळ्या घेतल्या, तिसरी आम्ही आग्रह केल्यावर अर्धी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माजघरात डोकावलो. काटा पलंगाखालीच होता. तो बुधवार नव्हता.