माल विकला की विकायला दिला? बुडालेल्या पैशांचा दावा याच प्रश्नावर ठरतो

समजा, सांगोल्याहून डाळिंबाचे 80 क्रेट दूरच्या बाजारातल्या अडत्याकडे गेले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर हिशोबपट्टी आली. वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे, सगळे त्यात आहे. पैसे मात्र आले नाहीत. ‘पुढच्या गाडीला देतो’ म्हणत हंगाम संपला आणि मग फोन लागेनासा झाला. शेतकरी वकिलाकडे गेला की पहिला प्रश्न येतो: माल त्याला विकला होता, की विकून द्यायला दिला होता?

एका शब्दाने काय बदलते?

अडतीवर पाठवलेल्या मालाचा अडत्या मालक होत नाही. तो शेतकऱ्याच्या वतीने विकणारा एजंट असतो. भारतीय करार कायदा, 1872 नुसार मागितल्यावर चोख हिशोब देणे (कलम 213) आणि विक्रीतून हाती आलेली रक्कम आपले येणे वजा करून मालकाला देणे (कलम 218) त्याच्यावर बंधनकारक आहे. शेतकऱ्याला अंधारात ठेवून त्याने तो माल स्वतःच घेतला, तर त्यातून झालेला फायदाही मागता येतो (कलम 216).

याची दुसरी बाजूही आहे. ‘खरेदीदाराने मलाच पैसे दिले नाहीत’ असा बचाव एजंट घेऊ शकतो. म्हणून पट्टीवर खरेदीदाराचे नाव असणे महत्त्वाचे.

माल सरळ विकला असेल, तर मालकी खरेदीदाराकडे जाते आणि उरते ती फक्त उधारी.

पोलिसांत तक्रार केली तर?

इथेही तोच फरक आडवा येतो. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. घोड्यांसाठी पुरवलेल्या धान्याचे पैसे थकल्याची ती तक्रार होती. विक्रीत मालकीच बदलते, माल विश्वासाने सोपवलेला नसतो. त्यामुळे निव्वळ थकबाकीवर विश्वासघाताचा गुन्हा उभा राहत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

अडतीवर दिलेला माल मात्र सोपवलेला असतो. विक्रीचे पैसे घेऊन अडत्याने ते अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 316 लागू शकते. एजंटने केलेल्या विश्वासघाताला त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण माल अडतीवर होता हे सिद्ध करायला कागद लागतो. अनेक शेतकऱ्यांकडे सही-शिक्क्याशिवायची चिठ्ठी असते, नाहीतर नुसता फोटो.

मुदत किती?

दिवाणी दाव्याला साधारण 3 वर्षे मिळतात. चेक वटला नाही, तर घड्याळ फार वेगाने धावते. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, पैसे द्यायला 15 दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ‘देतो, देतो’ ऐकत बसणाऱ्याचा हाच रस्ता आधी बंद होतो.

नियम आहेत, मग अडते कुठे?

बाजार समितीच्या आवारातील विक्रीचे पैसे 24 तासांत द्यावेत, असा महाराष्ट्रात दंडक आहे. पण 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि आवाराबाहेरच्या व्यवहारावर समितीचा धाक उरला नाही. 2020 च्या केंद्रीय कायद्यात जास्तीत जास्त 3 कामकाजी दिवसांत पैसे आणि तक्रारीसाठी थेट प्रांताधिकारी, अशी सोय होती. धुळे जिल्ह्यातील एका मका उत्पादकाने त्याच वर्षी तिचा वापर करून थकलेले पैसे मिळवले. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेखही केला होता. 2021 मध्ये तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले. त्यांना विरोध करण्याची कारणे वेगळी होती, पण त्यांच्यासोबत हा रस्ताही बंद झाला.

मग हवे काय?

अमेरिकेत नाशवंत शेतमालासाठी 1930 पासून स्वतंत्र कायदा आहे. 1984 च्या दुरुस्तीने तिथे व्यापाऱ्याकडचा माल आणि त्याच्या विक्रीचा पैसा विक्रेत्याच्या वतीने विश्वस्त म्हणून ठेवलेला मानला जातो. व्यापारी बुडाला, तर त्या पैशावर बँकेच्याही आधी माल देणाऱ्याचा हक्क. अर्थात तिथेही हा हक्क लेखी सूचना देणाऱ्यालाच मिळतो.

महाराष्ट्राने आपल्या पणन कायद्यात हेच एक वाक्य घालायला हवे: अडतीवर विकलेल्या मालाचा पैसा शेतकऱ्याचा आहे, अडत्याच्या धंद्याचे भांडवल नाही. सोबत पट्टीचा एकच सक्तीचा नमुना हवा. त्यावर खरेदीदाराचे नाव, अडत्याचा परवाना क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख असावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत गाडी भरतानाच ‘अडतीवर विक्रीसाठी’ हे शब्द पावतीवर लिहून घ्यावेत आणि पट्टी सहीसह मागावी. डाळिंब नाशवंत असते, खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. अशा वेळी शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो तो तेवढाच कागद.