मान्यता संस्थेला, मग खेळाडूला काय?

"संस्थेस मान्यता देण्यास हरकत नसावी." नोकरीतील वर्षांत हे वाक्य मी इतक्या नस्त्यांवर वाचले आहे आणि स्वतःही लिहिले आहे, की आज त्याच्या विरोधात लिहिताना थोडेसे अपराधी वाटते. एखाद्या क्षेत्रात गोंधळ माजला की एक संस्था नोंदवावी, तिला अध्यक्ष, सचिव आणि शिक्का मिळावा, आणि नस्ती बंद व्हावी, ही आम्हा प्रशासकांची जुनी रीत. ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे संगणकावर वा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या बाबतीत आपण सध्या नेमके याच वळणावर उभे आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने हा विषय बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा विभागाकडे सोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैशाच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सना प्रतिष्ठा अशी त्याची विभागणी आहे. 'मान्यता' आणि 'नोंदणी' हे दोन्ही शब्द ई-स्पोर्टच्या व्याख्येतच आले आहेत.

या मान्यतेचे समर्थन करताना दक्षिण कोरियाचा दाखला हमखास दिला जातो. तेथील सरकारने वेळीच संस्थेला मान्यता दिली, म्हणून तो देश या खेळात पुढे गेला, असे सांगतात. हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेख.

१९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात 'पीसी बांग' नावाच्या संगणक-खोल्यांचा सुळसुळाट झाला. नोकरी गेलेल्या कित्येकांनी शिल्लक पुंजी त्यांत घातली. सरकार वेगवान इंटरनेट घरोघर पोहोचवत होते. १९९८ मध्ये ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा खेळ आला आणि त्याने तरुण पिढीला वेड लावले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे 'केस्पा' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेला २००० साली संस्कृती मंत्रालयाची मान्यता मिळाली. त्याच वर्षी चोवीस तास खेळच दाखवणारी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. २००३ मध्ये सांघिक 'प्रोलीग' उभी राहिली. २००४ च्या उन्हाळ्यात बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झालेल्या तिच्या अंतिम सामन्याला एक लाख प्रेक्षक जमल्याचे त्या वेळी सांगितले गेले. २००७ मध्ये तर सक्तीच्या लष्करी सेवेत गेलेल्या खेळाडूंसाठी कोरियाच्या वायुदलानेच लीगमध्ये स्वतःचा संघ उतरवला. एवढा राजाश्रय फार थोड्या नव्या खेळांच्या वाट्याला आला असेल.

पण ही मान्यताप्राप्त संस्था म्हणजे कोण होते? संघांच्या मालक कंपन्या. दूरसंचार आणि अन्य उद्योगांतील मोठी घराणी संघ चालवत आणि त्यांचेच प्रतिनिधी संस्थेच्या कारभारात बसत. खेळाडूला परवाना देणे, संघांत त्याची वाटणी करणे, नियम ठरवणे, शिक्षा करणे आणि प्रक्षेपणाचे हक्क विकणे ही सारी कामे त्याच संस्थेची. घोड्यांचे मालकच शर्यत भरवणार आणि निकालही तेच देणार, अशी ही व्यवस्था. तिच्यात खेळाडूला खुर्ची नव्हती.

याचा पहिला फटका मालकीच्या प्रश्नावर बसला. कबड्डी कोणाच्याही मालकीची नाही. उद्या एखादा महासंघ बुडाला तरी गल्लीत रेघ ओढून ती खेळता येते. संगणकावरील खेळाचे तसे नाही. त्याचे मैदान, चेंडू आणि नियम हे सारे एका कंपनीची मालमत्ता असते. २००७ मध्ये केस्पाने प्रोलीगच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले, तेव्हा मूळ मालकाच्या हक्काचा प्रश्न अनिर्णितच होता. २०१० मध्ये ब्लिझर्डने दुसऱ्याच एका कोरियन कंपनीशी करार केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मे २०११ मध्ये तडजोड झाली. या वादात ज्यांची उपजीविका पणाला लागली होती, ते खेळाडू पक्षकारच नव्हते.

दुसरा फटका याहून कडू. २०१० मध्ये सामने ठरवून हरल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि अकरा खेळाडूंवर कायमची बंदी आली. शिक्षा योग्यच होती. मी त्यांची वकिली करत नाही. परंतु प्रशासकाने शिक्षेपाशी थांबू नये, कारणापर्यंत जावे. नामवंत खेळाडूंना गलेलठ्ठ मोबदला मिळत असताना दुय्यम फळीतील मुले संघाच्या निवासात राहून दिवसाचे दहा-बारा तास सराव करत, आणि त्यांतील अनेकांच्या हाती पगार म्हणून फारसे काही पडत नसे. सट्टेवाल्याला याहून सोपे सावज कोणते?

पुढची घसरण वेगाने झाली. २०११ मध्ये तीन संघ बंद पडले, २०१२ च्या आरंभी दोनपैकी एक खेळवाहिनी संगीतवाहिनी झाली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये चौदा वर्षांची प्रोलीग संपुष्टात आली. सातपैकी पाच संघांनी तेव्हाच गाशा गुंडाळला. दरम्यान 'लीग ऑफ लेजंड्स' या दुसऱ्या खेळाची लीग भरभराटीला आली. पण दुखणे तेच राहिले. २०१९ मध्ये एका अल्पवयीन खेळाडूवर दबाव आणून दीर्घ मुदतीच्या करारावर सही घेतल्याचा आरोप झाला. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे दोन लाखांहून अधिक नागरिकांनी दाद मागितली. तेव्हा कुठे २०२० मध्ये संस्कृती मंत्रालयाने खेळाडूंसाठी प्रमाणित कराराचे नमुने जाहीर केले. त्यांत अल्पवयीनांसाठी वेगळा नमुना होता.

आता दोन सने शेजारी ठेवून पाहा. संस्थेला मान्यता २०००. खेळाडूच्या कराराला नमुना २०२०. मधल्या वीस वर्षांत एक संपूर्ण लीग जन्मली, वाढली आणि मेली.

यावर माझे सहकारी म्हणतील, "मान्यता नसती तर ती लीग चौदा वर्षे तरी टिकली असती का?" आक्षेप रास्त आहे. मान्यतेमुळे प्रायोजक आले, पालकांचा विरोध मावळला, हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मान्यता ही सरकारच्या हातातील सर्वांत मौल्यवान वस्तू आहे आणि कोरियाने ती अटींशिवाय देऊन टाकली. एकदा दिलेली मान्यता परत घेणे किती अवघड असते, हे ज्याने अशी नस्ती हाताळली आहे त्याला सांगायला नको.

आपल्याकडे काय दिसते? २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशाने एक लोकप्रिय मोबाइल खेळ बंद झाला आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत बंदच राहिला. आदेशाची कारणे योग्य असतीलही. पण ज्या तरुणांनी त्या खेळाच्या स्पर्धांवर पोट भरले होते, त्यांच्यापैकी कोणाचे म्हणणे ऐकण्याची तरतूद कोठेच नव्हती. २०२५ च्या कायद्यात स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वे, प्रशिक्षण संस्था, संशोधन केंद्रे आणि प्रोत्साहन योजना आहेत. खेळाडूच्या कराराविषयी स्वतंत्र कलम मला आढळले नाही.

हे नुसते राहून गेलेले कलम नव्हे. या खेळात मुले पंधरा-सोळाव्या वर्षी शिखराकडे चढू लागतात, आणि १८७२ चा आपला करार कायदा अल्पवयीनाला करारास पात्र मानत नाही. पालकाने सही केली म्हणजे झाले, असेही नाही. राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा मुंबई उच्च न्यायालयातील जुना खटला पाहा. अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीने वडिलांनी निर्मात्याशी करार केला, निर्मात्याने भूमिका दुसरीला दिली, आणि करारच निरर्थक ठरल्यामुळे मुलीला भरपाई मिळाली नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी, मग ते बंगळुरात असो वा दुबईत, एखादा मुलगा रात्र रात्र जागून सराव करत असेल, त्यांनी हा खटला ध्यानात ठेवावा. मुलाच्या श्रमाला आज असे कच्चेच संरक्षण आहे.

म्हणून माझी मागणी तीन अटींची आहे. मान्यता हवी असलेल्या प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत खेळाडूंनी निवडलेले खेळाडू असावेत. प्रमाणित करार, आणि अल्पवयीनांसाठी त्याचा वेगळा, कायद्याने बळ दिलेला नमुना, मान्यतेच्या आधी तयार व्हावा. आणि खेळाचा मालक, लीग व खेळाडू यांच्यातील तंटे सोडवणारी यंत्रणा संस्थेबाहेर असावी. यांपैकी एकही अट खर्चिक नाही.

२०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार होता, तेव्हा तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने कांस्यपदक मिळवले. सरकारी मान्यता त्यानंतर चार वर्षांनी आली. खेळाडू आधी येतो, शिक्का मागाहून. पुढच्या वेळी "हरकत नसावी" असे लिहिण्यापूर्वी त्या नस्तीवर खेळाडूचा करार जोडलेला आहे की नाही, एवढे जरी पाहिले गेले तरी कोरियाची वीस वर्षे आपल्या कामी आली असे म्हणता येईल.