टाकी मालकाची, तुंबली की बाईची

गावातल्या संडासांची पाहणी म्हटली की एक तक्ता डोळ्यांपुढे येतो. कुटुंबप्रमुखाचं नाव, संडास आहे की नाही, सेप्टिक टँक की शोषखड्डा, आणि एक फोटो. कुटुंबप्रमुख म्हणजे बहुतेक घरांत पुरुष. तो 'आहे' म्हणतो आणि पाहणी संपते. एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारने जाहीर केलं, तेव्हा संडास मोजले गेले. टाकी शेवटची कधी उपसली, तिचं पाणी कुठे जातं, हे मोजायचं राहूनच गेलं.

सरावलीसारख्या गावात तेच आधी विचारायला हवं. बोईसरला लागून, तारापूरच्या कारखान्यांच्या आधाराने हे गाव वाढलं. 2011च्या जनगणनेने त्याला शहरात धरलं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. अशा गावांत वस्ती शहरासारखी दाट आणि मैल्याची सोय घरोघरच्या टाकीवर.

टाकी म्हणजे मैला नाहीसा करणारं यंत्र नव्हे. जड मैला तळाशी बसतो, त्यातला थोडा कुजतो, वरचं पाणी बाहेर पडतं. ते पाणी स्वच्छ नसतं, जंतूंनी भरलेलं असतं. ते शोषखड्ड्यात मुरायला हवं आणि तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. पैसे आणि जागा वाचवायला शोषखड्डाच गाळला, नळी सरळ गटारात सोडली, किंवा टाकीला तळच घातला नाही, तर घाण फक्त जागा बदलते. किनारपट्टीला पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. तेव्हा खड्डा शोषत नाही, आणि जवळच्या विहिरीत किंवा बोअरिंगमध्ये काय उतरतं ते वेगळं सांगायला नको.

याची किंमत घरात कोण मोजतं? टाकी भरत आली की पाणी जपून टाका, असं मुलांना बजावणारी बाई. तुंबलं की काठी घेऊन उभी राहणारी बाई. पाळीच्या दिवसांत दोनदा जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणारी बाई. मुलाला जुलाब झाले की रोजंदारी बुडवणारीही तीच. आणि वर ठपका तिच्यावरच: पॅड टाकलं असेल हिनेच! पॅडने नळी तुंबते हे खरं. पण ते टाकायला दुसरी सोय दिली कुणी?

चाळीतल्या भाडेकरणीची गोष्ट आणखी अवघड. टाकी मालकाची, संडास पाच-सहा खोल्यांचा, आणि तक्रार केली तर खोली सोडायची भीती. मालकाला विचारून भरलेल्या तक्त्यात ही बाई सापडणारच नाही.

दुसरीही एक बाई या तक्त्यात नसते. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत, गोवंडीला, एका सोसायटीच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. अशा मृत्यूला 10 लाख रुपये भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच ठरवली होती. तरी त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावं लागलं आणि सप्टेंबर 2021 मध्ये आदेश मिळाला. 2023 मध्ये ही रक्कम 30 लाख झाली. पण एप्रिल 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारला, सांडपाण्याच्या टाकीत चार कामगार मेले. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा घरमालकालाही लागू आहे. या कामाला कुठल्या जातीचा माणूस बोलावला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या घरची घाण दुसऱ्या बाईच्या नवऱ्याच्या जिवावर निघत असेल, तर तो आपल्या चळवळीचाही प्रश्न आहे.

म्हणून पाहणी गटांनी आपल्या हाती घ्यावी आणि बायकांनाच विचारावं. टाकी कधी बांधली? दोन कप्पे आहेत का? झाकण उघडता येतं का? गाडी दारापर्यंत येते का? शेवटचा उपसा कधी, कुणी केला, पैसे कुणी दिले? गाळ कुठे ओतला? पाणी कुठे जातं, विहीर किती फुटांवर? भाड्याच्या खोल्यांत मालकाला नव्हे, राहणारणीला विचारा.

ही उत्तरं महिला ग्रामसभेत मांडायची. कायद्याने ती नियमित ग्रामसभेआधी घ्यावी लागते, बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. मागणी नेमकी ठेवावी. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपरिषदेने 2018 पासून दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या यंत्राने उपसायची पद्धत सुरू केली, आणि गाळावर प्रक्रिया करणारं केंद्र उभारलं. एकट्या ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही, असं उत्तर मिळेल. ते खरंही आहे. मग बोईसर, सरावली आणि शेजारच्या गावांनी मिळून जिल्हा परिषदेकडे मागावं. भाड्याचं उत्पन्न घेणाऱ्या मालकांकडून उपशाचा खर्च वसूल व्हावा, तो भाड्यात चढवू नये.

संडास बांधताना 'बहू-बेटीची अब्रू' अशा घोषणा भिंतीभिंतींवर रंगल्या. अब्रूची भाषा आता पुरे. आम्हाला उपशाचं वेळापत्रक हवं.