अठरा तारखेचा सण



परवा नकाशाच्या तासाला एकाने दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, ही लांबलचक मिरची इथे कुणी चिकटवली?" सगळा वर्ग खो खो हसला. ती मिरची म्हणजे चिली देश! उत्तर-दक्षिण लांबी चार हजार किलोमीटरहून जास्त आणि रुंदी मात्र अगदी बेताची.

या देशाचा राष्ट्रीय सण १८ सप्टेंबरला असतो. लोक त्याला नुसतं 'दिएसिओचो' म्हणतात, म्हणजे 'अठरा'! चिली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथे तेव्हा वसंत ऋतू येत असतो. घरोघरी पांढरा, निळा, लाल आणि एका ताऱ्याचा झेंडा लागतो. मैदानात मांडव पडतात. त्यांना म्हणतात 'रामादा'. स्पॅनिशमध्ये 'रामा' म्हणजे फांदी. पूर्वी हे मांडव फांद्यांनीच शाकारत ना! आत 'एम्पानादा' मिळते. दिसायला आपल्या करंजीसारखी, पण सारण मात्र खिमा, कांदा, अंडं, ऑलिव्ह आणि मनुका यांचं. जोडीजोडीने हातरुमाल फिरवत 'क्वेका' हा राष्ट्रीय नाच रंगतो. मुलं भोवरे फिरवतात, पतंग उडवतात. काच लावलेल्या मांज्याने माणसं जखमी होतात, म्हणून तिथे त्यावर कायद्याने बंदी आहे. संक्रांतीला हे आपणही लक्षात ठेवायचं बरं का! दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, राजधानी सान्तियागोमध्ये सैन्याचं मोठं संचलन होतं.

आता खरी गंमत ऐका. १८ सप्टेंबरला चिली स्वतंत्र झालाच नव्हता!

१८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला कैद केलं. मग १८ सप्टेंबर १८१० रोजी सान्तियागोतल्या प्रमुख नागरिकांनी सभा भरवून स्वतःचं कारभारी मंडळ नेमलं. तेही राजाच्याच नावाने! पण आपला कारभार आपण पाहू शकतो, हे त्यांना उमगलं. १८१४ मध्ये रांकाग्वाच्या लढाईत ते हरले आणि स्पेनची सत्ता परत आली. बेर्नार्दो ओ'हिगिन्स आणि साथीदार अँडीज ओलांडून अर्जेंटिनात गेले. १८१७ मध्ये सान मार्तिन यांच्या सैन्याबरोबर तोच पर्वत ओलांडून ते परतले, आणि चाकाबुकोची लढाई जिंकली. स्वातंत्र्याची घोषणा झाली ती १२ फेब्रुवारी १८१८ रोजी.

हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग त्यांचा सण चुकीच्या दिवशी आहे!"

मी विचारलं, "आपण २६ जानेवारी का निवडली?" वर्ग गप्प. अहो, २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली. तेव्हा स्वातंत्र्य सतरा वर्षं दूर होतं! ती आठवण राहावी म्हणून १९५० साली प्रजासत्ताकासाठी हाच दिवस ठरला.

ती मुलगी जरा वेळाने हळूच म्हणाली, "म्हणजे पहिलं पाऊल टाकलं तो दिवससुद्धा मोठाच, हो ना बाई?"

अगदी बरोबर! पालकहो, आपणही बहुधा निकालाच्याच दिवशी पेढे आणतो. मुलाने न येणारं गणित पहिल्यांदा स्वतःहून सोडवायला घेतलं, तो दिवस आपल्या लक्षात राहतो का?

आणि मुलांनो, तुमची 'अठरा तारीख' कोणती? वहीत लिहून ठेवा हं!

तुमच्या बाई