हेड घासण्यापूर्वीं

कोळपणीच्या अथवा पाणी ओढण्याच्या लहान इंजिनाची ताकद कमी झाली, कीं हेड घासून ‘कॉम्प्रेशन वाढवून’ आणावयाचें, ही प्रथा आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मूळचें संपीडन-गुणोत्तर किती होतें व घासल्यावर किती झालें, हें कोणी मोजीतच नाहीं. आणि हिशेब तर शाळेंतील घनफळाच्या उदाहरणाहून कठीण नाहीं.

पेट्रोलच्या एखाद्या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ५४ मिलिमीटर आहे असें धरूं. निम्म्या व्यासाच्या वर्गास ३.१४१६ नें व धांवेनें गुणिलें, म्हणजे सुमारें १९६ घन सेंटिमीटर होतात. दट्ट्या अगदीं वर असतां उरणारी पोकळी मात्र पट्टीनें मोजतां येत नाहीं. त्यासाठीं दोन्ही झडपा बंद असतांना, प्लगाचें भोंक सर्वांत वर येईल असें इंजिन कलतें करावें, आणि खुणांच्या पिचकारीनें पातळ तेल आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत भरावें. समजा, २६ घन सेंटिमीटर मावलें. १९६ व २६ मिळून २२२. त्यांस २६ नें भागिलें असतां गुणोत्तर साडेआठ. पुष्कळजण १९६ लाच २६ नें भागून साडेसात म्हणतात, तें चूक. (माप झाल्यावर तेल पुरतें काढून, प्लग न लावतां दोरी ओढावी. तेल दाबलें जात नाहीं. दांडा मात्र वांकतो.)

आतां पोकळीचें तोंड सिलिंडराएवढें असून हेड एकच मिलिमीटर घासलें, तर पोकळी ३.६ घन सेंटिमीटरांनीं घटून गुणोत्तर पावणेदहाच्या घरांत जातें. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाचें गुणोत्तर मुद्दाम कमी ठेविलेलें असतें. तेथें हा उद्योग केल्यास इंजिन ठोकूं लागतें व दट्ट्याचें डोकें जळतें.

शिवाय दाब कमी होणें व गुणोत्तर कमी होणें ह्या गोष्टी निराळ्या आहेत. झिजलेल्या रिंगांतून किंवा न बसणाऱ्या झडपेंतून दाब निसटतो. गुणोत्तर बहुधा होतें तेंच असतें. दाबमापक लावून पाहावें, नंतर चमचाभर तेल सिलिंडरांत घालून पुन्हां पाहावें. कांटा चढला तर दोष रिंगांचा; न चढला तर बहुधा झडपांचा अथवा गास्केटाचा. एवढें करूनही हेड घासावयाचेंच ठरलें, तर आधींचें व नंतरचें माप मिस्त्रीकडून बिलावर लिहून घ्यावें.