भिंतीवरची वल्ही

उन्हाळ्यात लेकीकडे कनेक्टिकटला होते. निघायच्या आदल्या दिवशी नातीशी भांडण झालं आणि ते अर्धवट राहिलं. समोरासमोर बोलायला लागले की माझं इंग्रजी संपतं आणि आवाज चढतो, म्हणून उरलेलं इथे लिहिते.

भांडण तिच्या खोलीवरून. नात सोळा वर्षांची. तिला खोली 'प्रेपी' करून हवी होती. आपल्या इथल्या वाचकांसाठी सांगते. 'प्रेपरेटरी स्कूल' म्हणजे येल-हार्वर्डसाठी मुलं तयार करणाऱ्या तिथल्या खासगी शाळा. अँडोव्हरची १७७८ सालची, एक्झेटरची १७८१ची. त्यांत पिढ्यानपिढ्या शिकलेल्या पैसेवाल्या घरांची राहणी ती प्रेपी. त्यानुसार नेव्ही ब्लू आणि पांढऱ्या पट्ट्यांचा वॉलपेपर लागला. निळ्या-पांढऱ्या चिनी बरणीचा दिवा आला, घोड्यांची आणि शिकारी कुत्र्यांची चित्रं आली. उशांच्या अभ्र्यांवर मोनोग्राम भरून आले. त्यात आडनावाचं अक्षर मध्ये ठसठशीत, स्वतःचं आणि बापाचं दोन बाजूंना बारीक. (हे मला गंमतशीर वाटलं. शाळेच्या हजेरीपटात आम्ही बापाला मध्ये बसवायचो.) आणि शेवटी लांबलचक खोक्यातून दोन वल्ही आली, फुलीसारखी भिंतीवर टांगायला. त्यांच्यावर कुठल्याशा शर्यतीचं जुनं साल सोनेरी रंगात. वल्ही नवीकोरी, साल तेवढं जुनं! आमच्या कुळात होडीशी संबंध आला तो माझाच, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना, आणि तो प्रसंग रंगवून भिंतीवर लावण्यासारखा नाही.

खोली वाईट दिसत होती का? मुळीच नाही. उजेड छान खेळत होता, रंग डोळ्यांना गार वाटत होते. माझा आक्षेप वेगळा आहे.

ज्या घरांची ही नक्कल आहे, त्या घरांत म्हणे खरेदी फारशी होतच नाही. आजीचा सोफा, त्यावरचं विटलेलं फुलाफुलांचं कापड, कडा उसवलेला गालिचा, त्यावर कुत्र्याचे केस. नवं आणणं हाच तिथे गावंढळपणा. वल्ही टांगलेली असतात ती घरातल्या कुणीतरी कॉलेजात वल्हवलेली असतात. म्हणजे या सजावटीचं मूळच वारशात आहे. तो दुकानात मागवला की उरतो नुसता निळा रंग. १९८० साली लिसा बर्नबाखचं 'द ऑफिशियल प्रेपी हँडबुक' निघालं. ते या मंडळींची टिंगल करायला लिहिलेलं, पण लोकांनी ते मार्गदर्शक समजून घेतलं. राल्फ लॉरेन हा ब्राँक्समधला, घरं रंगवणाऱ्या स्थलांतरिताचा मुलगा. १९८३ पासून तो चादरी-अभ्र्यांसकट हे सगळं घर विकू लागला. त्या माणसाच्या हिकमतीचं मला कौतुकच आहे. पण त्याने विकलं, आपण मात्र स्वप्न म्हणून उचललं.

आणि कुणाचं स्वप्न? येलने पदवीच्या वर्गात मुलींना घेतलं १९६९ साली. एक्झेटरने १९७०मध्ये, अँडोव्हरने १९७३मध्ये. १९६९ साली मी मराठी माध्यमातून बी.ए. करत होते आणि आमचा निम्मा वर्ग मुलींचा होता.

खुर्चीवरची रंगीत चौकडीची उशी तर थेट आपल्याकडची. 'मद्रास' म्हणतात तिला तिथेही. १९६०च्या सुमारास या कापडाचा रंग जातो अशी ओरड झाली, तेव्हा जाहिरातवाल्यांनी 'रंग जाणारच, हमी देतो' म्हणून तेच विकलं. आपल्याकडे पहिल्या धुण्याला मिठाच्या पाण्यात बुडवतात. आणि ज्या येलपायी हा सगळा थाट, तो एलिहू येल मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. १६९२मध्ये गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्याला पदावरून काढलं. पुढे १७१८ साली त्याने न्यू हेवनच्या कॉलेजला ४१७ पुस्तकं, राजाचं चित्र आणि मालाचे ९ गठ्ठे दिले. मालाचे ५६० पौंडांवर आले आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. न्यू हेवन लेकीच्या घरापासून तासाभरावर. हे नातीला शाळेत कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग आजी, हे आपलंच आहे की!"

बुद्धी तल्लख आहे पोरीची. पुढे म्हणाली, "तुम्ही ब्रिटिशांचं क्रिकेट घेतलंतच ना?" घेतलं, बाई. पण आम्ही ते खेळलो. गल्लीत खेळलो, लोकांच्या काचा फोडल्या. लॉर्ड्सची बॅट विकत आणून दिवाणखान्यात टांगली नाही. तू नदीवर जा, रोइंग शीक, हाताला घट्टे पडू देत. मग ती वल्ही मी स्वतः टांगेन, स्टुलावर चढून.

तिच्या आजोबांची, म्हणजे जावयांच्या वडिलांची, पेटी त्याच घराच्या तळघरात आहे. विमानातून जपून नेलेली. एक पट्टी तुटकी आहे, भात्याला चिकटपट्टी लावली आहे. आता तिच्यावर नाताळच्या सजावटीची खोकी ठेवली आहेत. वर का नाही आणत, विचारलं तर लेक म्हणाली, "खोलीत मॅच होत नाही गं." तुटक्या पट्टीची आजोबांची पेटी! खऱ्या प्रेपी घरात ती खिडकीपाशी ठेवली असती आणि पाहुण्यांना तिची गोष्ट सांगून सांगून पिडलं असतं.

जावईबापू, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. मी निघाले तेव्हा वल्ही खोक्यातच होती. परत करायची मुदत महिन्याची आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात.