डब्यात असेल तर ताटात

पावसाने दोन दिवस झोड उठवलेली, भाजीवाला फिरकलेला नाही, टोपलीत दोन बटाटे आणि मूठभर कांदे, आणि नेमके संध्याकाळी सात वाजता नणंदेचे यजमान दारात उभे! अशा वेळी काही बायका हसतमुखाने “बसा, पानं घेतेच” असं म्हणतात. त्यांच्या हातात काही जादू नसते, मैत्रिणींनो. त्यांच्या फडताळात भाजणी असते.

‘आयत्या वेळी काही सुचतच नाही’ अशी तक्रार पुष्कळजणी करतात. खरं म्हणजे सुचायला डबे लागतात. पण दुकानात दिसेल ते भरून ठेवणं म्हणजे बेगमी नव्हे. दोन खोल्यांच्या घरात जागा ती किती, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर पाकिटात उरतं तरी किती! म्हणून एक कसोटी लावावी. ज्या जिनसाचे निदान तीन निराळे पदार्थ होतात, त्याला फडताळात कायमची जागा. एकाच पदार्थापुरती आणलेली ती परदेशी सॉसची बाटली वर्षभर मागेच उभी राहते, हे आपण पाहतोच.

भाजणी या कसोटीला पुरेपूर उतरते. ४ वाट्या ज्वारी, २ वाट्या तांदूळ, १ वाटी गहू, १ वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी धने आणि दोन चमचे जिरे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजायचं. एकत्र भाजलं तर एक कच्चं राहतं आणि दुसरं करपतं. गार झाल्यावरच गिरणीत द्या. बाजरीही घालतात, पण बाजरीचं पीठ लौकर कडवट होतं, तेव्हा ती घातली तर थोडंच दळून आणा. या पिठाचं थालीपीठ तर होतंच. तेलाचं मोहन घालून वडे होतात. आणि मोकळ भाजणी करता की नाही? कांद्याची चरचरीत फोडणी, त्यात वाटीभर भाजणीला वाटीभर पाणी, मीठ, तिखट. पाण्याला उकळी आली की भाजणी घालून झाकण ठेवा. कोरडी वाटली तर पाण्याचा हबका. वर दही वाढलं, की भाजीची आठवणही कोणाला येत नाही.

कोकणात हेच काम कुळथाची पिठी करते, विदर्भात ज्वारीच्या पिठाची उकडपेंडी. आपल्या माहेरची अशी एखादी वस्तू सासरच्या फडताळात हक्काने ठेवावी, असं मला फार वाटतं.

कडधान्यं भिजवायचं राहून गेलं, हे तर रोजचंच. त्यासाठी अख्खा मसूर घरात हवाच, तो न भिजवता कुकरमध्ये शिजतो. मात्र चिंच किंवा आमसूल डाळ-उसळ शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की दाणे टणक राहतात आणि गॅस फुकट जळतो. कडधान्यं जुनी झाली तरी तसंच होतं, तेव्हा स्वस्त मिळाली म्हणून दहा किलो आणण्यात बचत नाही. नवीन माल खाली, जुना वर. सांडगे, पापड, सुकं खोबरं, गोडा मसाला यांबद्दल वेगळं सांगायला नको. पापडाची रस्साभाजी मात्र एकदा करून बघा.

साठवणीचं थोडं. धान्याला ऊन द्या, पण गरमागरम डब्यात भरू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. रवा कोरडाच भाजून ठेवला की पोरकिडे लौकर होत नाहीत. तुरीला, मुगाला एरंडेलाचा हात चालतो. पूर्वी धान्यात बोरिक पावडर घालीत. ती पोटात जाण्याची वस्तू नाही, अजिबात घालू नका.

आणि दाणे! कुबट वासाचे, काळपट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे ‘भाजले की चालतील’ म्हणून कूट करणाऱ्या बायका अजून आहेत. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. ते यकृताला बाधतं आणि घरच्या भाजण्या-शिजवण्याने जात नाही. जीव हळहळला तरी फेकून द्या. कूट आठवड्यापुरतंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

२०२० च्या टाळेबंदीत डब्यांनी किती घरं सावरली ते आपण अनुभवलं. पण त्या वेळी पुष्कळ घरांत आणखी एक गोष्ट उघडी पडली: घरातली बाई तापाने पडली, तर कुठल्या डब्यात काय आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाही! तांदळाचं पीठ कुठलं आणि मैदा कुठला, हे चव घेऊन ठरवणारे कर्ते पुरुष आपल्या ओळखीचे आहेत. म्हणून डब्यावर चिठ्ठी लावा: नाव आणि दळल्याची तारीख. भाजणीच्या डब्यावर मोकळ भाजणीचं प्रमाणही लिहा, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. येत्या रविवारी ते यजमानांकडून एकदा करवूनही घ्या. कांदा मात्र तुम्ही चिरून देऊ नका.